बीपीच्या वहीतली बोट

८ जानेवारी २०२५
बीपी १५८/९६

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज मशीन लावायचं आणि आकडा वहीत लिहायचा. वर म्हणाल्या, "आजी, आकडा वाढला तर का वाढला तेही लिहा." आज का वाढला ते लिहिते.

आमच्या मालकांनी बोट घेतली.

खेळण्यातली नाही, खरी. इंजिनवाली, सोळा फुटी. सकाळी चहात चपाती बुडवता बुडवता म्हणाले, "नामाची बोट घेतली मी." जसं काही कोथिंबिरीची जुडी घेतली. माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली आणि चहा ओट्यावरून खाली पायावर. आत्ता गं बया! म्हटलं, कुणासाठी? म्हणाले, "आपल्यासाठी." आणि चप्पल घालून निघून गेले.

ह्यांचं नाव मी घेत नाही, पण वहीत एकदा लिहिते म्हणजे डॉक्टरीणबाईंना कळंल. जोतीराम. पस्तीस वर्षं मार्केटात माथाडी. कांद्याबटाट्याची पोती पाठीवर घेतली, कधी कशाला भ्याले नाहीत. फक्त पाण्याला भितात. गणपती बुडवायला गेलं की आरती झाल्याझाल्या दहा पावलं मागं. पोहता येत नाही, नळाचा पाईप फुटला तरी मला हाक मारतात. आणि ह्या माणसाला सहासष्टाव्या वर्षी बोट पाहिजे!

आम्ही उलव्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याला दीड वर्ष झालं. टॉवरच्या मागं जुनं गाव आहे, तिथं हे रोज फिरायला जातात. मला वाटायचं देवळात बसतात. देवळात कसले बसतात, तिथला नामा म्हणून कुणी जुना मासेवाला आहे, त्याच्या परसात बसत होते. बोट सहा वर्षं तिथंच पडून आहे म्हणे.

कुलदीप संध्याकाळी घरी आला, ऐकलं, आणि पाच मिनिटं नुसता पंख्याकडं बघत राहिला. पैशाचं काय ते बापलेक बघतील, मी त्यावर लिहीत नाही.

९ जानेवारी
बीपी सकाळी १५२/९४

बोट बघायला गेले. बघायला म्हणजे भांडायला.

नामाचं घर गावाच्या टोकाला. परसात फाटकी ताडपत्री, ताडपत्रीवर भोपळ्याचा वेल, आणि वेलाखाली बोट. पुढच्या अंगाला कोंबडी अंड्यावर बसलेली. आत पाणी साचून शेवाळ. इंजिन वेगळं, गोणपाटात गुंडाळून भिंतीला टेकवलेलं. मी कपाळाला हात लावला. नामाची बायको शकुबाई मोठी बोलकी, होडीला होरी म्हणते. म्हणाली, "या गो बाय, बसा. घाबरू नका, होरी चांगली हाय. पोरं नोकरीला लागली, आता पान्यात कोन जातं?"

मी बसले नाही. बोटीभोवती एक चक्कर मारली. मागची फळी असते, जिच्यावर इंजिन टांगतात, तिच्यावर बोटानं टिचकी मारली. बद्द वाजली. चार ठिकाणी मारली, चारही बद्द. म्हटलं, "ही कुजलीय." नामा म्हणाला, "नाय बाय, वरून फायबर हाय, कशी कुजंल?" म्हटलं, खुपसा काहीतरी. त्यानं स्क्रूड्रायव्हर खुपसला तर मुठीपर्यंत आत गेला. आतून लाकूड ओल्या भाकरीगत बाहेर आलं.

नामा बघतच राहिला. ह्यांना कोण आनंद! म्हणाले, "होडीवाल्याची पोर आहे ती." माझा बाप कोयनेच्या पाण्यावर होडी चालवायचा, ते खरं आहे. म्हणून काय झालं? मी भांडायला आले होते आणि भांडायचं राहूनच गेलं.

घरी येऊन परत मशीन लावलं. १३४/८६. मशीन बिघडलंय. प्रियदर्शिनीला, म्हणजे सूनबाईला, सेल बदलायला सांगितले.

१५ जानेवारी
बीपी १४८/९२

आज न्हाणीघरात बादलीत एक निळी चड्डी सापडली. तंग, चकचकीत, बाजूला पांढरी पट्टी. मला वाटलं कुलदीपची. कुलदीप म्हणाला माझी नाही. मग ह्यांची! मी चड्डी दोन बोटांत धरून हॉलमध्ये उभी, आणि हे पेपरमागं तोंड लपवून.

पोहायला शिकतायत. नेरुळला, पोहायच्या तलावावर, महिना झाला. सात-आठ वर्षांच्या पोरांच्या बॅचमध्ये. कडेचा दांडा धरून पाय मारायचे. "आता एक हात सोडतो," म्हणाले. मला एवढं हसू आलं की पोटात कळ आली. प्रियदर्शिनी पळत आली, काय झालं म्हणून. तिला चड्डी दाखवली, तीही खाली बसली.

हसून झालं आणि मग माझ्या मनात आलं, जन्मभर पाण्यापासून दहा पावलं लांब राहणारा माणूस आता नाकातोंडात पाणी घेतोय, ते कशासाठी? विचारलं नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

२२ जानेवारी
बीपी १७२/१०४

आज समजलं कशासाठी.

बोट इथं ठेवायची नाही. दुरुस्त झाली की गावाला न्यायची. मार्केटात कांदा टाकून गाड्या रिकाम्या परत साताऱ्याकडं जातात, तसल्या गाडीवर चढवायची. कोयनेच्या पाण्यावर आमच्या गावच्या घाटाला बांधून ठेवायची, आजारी माणूस असेल तर त्याला पलीकडं दवाखान्याला न्यायला. ग्रामपंचायतीचं पत्रसुद्धा आणलंय, शिक्का मारलेलं. चालवायला तिथं माणूस पाहिजे. माणूस कोण? हे! तिकडंच राहणार, कायमचे.

कुलदीप ओरडला. "पप्पा, तिकडं आता रस्ता झालाय, जीप येते!" हे शांतपणे म्हणाले, "पावसात दरड येते. मागल्या सालाला भिकाजीची सून तीन तास जीपमध्ये अडकली होती, नववा महिना." कुलदीप म्हणाला, "म्हणून तुम्ही? ह्या वयात? आणि आई?"

मी म्हटलं, "जावा की एकटे. मी तिकडं पाऊल टाकणार नाही."

तर म्हणाले, "मी तुला चल म्हटलंच नाही अजून."

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. हे वाक्य ऐकायला झाली.

मी गावाला का जात नाही, ते आमच्या घरात कुणी बोलत नाही. कुलदीपला नुसतं ठाऊक आहे की त्याच्या आधी एक होती. डॉक्टरीणबाई, तुम्ही आकडा वाढला तर लिहा म्हणालात, म्हणून लिहिते. रंजिता तिचं नाव. दोन वर्षांची होती. श्रावणात तिला ताप भरला आणि पहाटे झटके यायला लागले. गावातले पुरुष सगळे मुंबईला पोत्याखाली, घरी म्हातारी माणसं आणि बायका. हे तेवढे रजेवर आलेले. आम्ही तिला घोंगडीत घेऊन घाटावर बसलो. पलीकडं जायची लाँच सातला यायची. सात वाजले, आठ वाजले, दहा वाजले. लाँच आली नाही. काठाला होडी आहे का बघायला हे गेले आणि परत आले. होडी नाही म्हणाले. अकराच्या सुमाराला तिनं माझ्या मांडीवर मान टाकली.

महिन्याभरात आम्ही गाव सोडलं. हे जत्रेला जाऊन येतात, मी नाही. एकोणचाळीस वर्षं झाली.

२३ जानेवारी
बीपी १६८/१०२

बोलणं बंद. चहा ओट्यावर ठेवून दिला. त्यांनी कप धुऊन ठेवला. ह्या माणसानं जन्मात कप धुतला नव्हता.

२ फेब्रुवारी
बीपी १३०/८४

मी नामाच्या परसात त्यांना डबा द्यायला जाते, एवढंच. बोलत नाही. पण म्हातारा माणूस उपाशी कसा ठेवायचा?

डबा देऊन लगेच यायचं असतं. पण तिथं कामाची काय तऱ्हा! नामानं कुजलेली फळी कापून काढली, नवीन बसवली, वर काचेच्या धाग्याची चटई आणि वासाचं रसायन. वास असा की कोंबड्या शेजारच्या आळीला गेल्या. आता वरून पॉलिश पेपर मारायचा, तर हे दोघं पुरुष घासतात कसे, भांडं घासल्यासारखं, गोल गोल. लांबीत हात मारायला पाहिजे, पाणी जाईल त्या दिशेनं. किती वेळ बघायचं? घेतला पेपर हातात. तीन दिवस मीच घासतेय. हातांना ही खाज सुटली, शकुबाईनं खोबरेल लावून दिलं.

शकुबाई चिडवते. "नवऱ्याशी बोलत नाय म्हनते आनि नवऱ्याची होरी घासते." म्हटलं, होडीशी माझं भांडण नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडं गेले. वही बघून म्हणाल्या, गोळी अर्धी करूया, काय करताय हल्ली? म्हटलं, बाई, मी तर रागानं जळतेय. त्या हसल्या. हसायला काय झालं?

१० फेब्रुवारी
बीपी १२८/८२

इंजिन चालू झालं!

हे म्हणजे उतावळे. नामा अवजारं आणायला गेला तेवढ्यात दोरी ओढायला लागले. नामा लांबूनच बोंबलला, "पान्याशिवाय चालवू नको, आतलं रबर जलंल!" मग पाण्याचा मोठा ड्रम आणला, इंजिनाचा पाय त्यात बुडवला. ह्यांनी दोरी ओढली. माथाडीचा खांदा, वीस वेळा, तीस वेळा. एकतिसाव्याला दोरीच तुटली आणि हे उताणे कोंबड्यांच्या खुराड्यावर. सहा वर्षांचं पेट्रोल आत काकवीसारखं घट्ट झालं होतं. नामानं सगळं उघडून, बारीक तारेनं भोकं मोकळी करून परत बसवलं. नवी दोरी, तिसरा झटका, आणि असा धडाड आवाज झाला की मी शकुबाईचा दंड धरला. निळा धूर, ड्रममधलं पाणी उसळून शकुबाईच्या लुगड्यावर. अख्खी आळी गोळा झाली.

हे हसत होते. तोंड उघडून, मोठ्यांदा. रिटायर झाल्यापासून ह्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. त्याच्याही आधीचं आठवायला गेले तर फार मागं जावं लागलं. मला रडू आलं. गर्दीत कुणी बघितलं नाही.

मग आठवलं, इंजिन चालू झालं म्हणजे हे जाणार.

१६ फेब्रुवारी, रविवार
बीपी लावलं नाही

दुपारी भरती होती. बोट गावच्या जेट्टीपाशी पाण्यात सोडली. नामा म्हणाला, आज माणसं नकोत, सहा माणसांचं वजन टाकून बघू कुठं पाणी घेते का. वाळूची पोती आणली.

पोती म्हटल्यावर हेच उस्ताद! नामाला म्हणाले, "तू बाजूला हो, पोती लावणं मला शिकवू नको." आणि लावली की थप्पी. ट्रकला केबिनच्या पाठीला टेकवून लावतात तशी, चारावर चार, सरळ, बघत राहावी अशी. बोटीच्या पुढच्या अंगाला! नामा इंजिनाशी खाली वाकलेला, त्याला दिसलंच नाही. शेवटचं पोतं वर टाकायला हे उभे राहिले आणि बोटीनं नाक खाली घातलं, डावीकडं कलली, आणि कडेवरून पाणी आत.

मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आवं खाली! खाली बसा, गुडघ्यावर! थप्पी मोडा! मधोमध पसरा, एकावर एक बी नको! नामा, तू मागं सरक, उजव्या अंगाला!" आणि मी कधी पाण्यात उतरले ते कळलं नाही. मांडीपर्यंत चिखल, लुगडं भिजलेलं, आणि हातात बोटीची दोरी. दोरी खुंटाला दोन वेढे देऊन आवळली तेव्हा बोट सरळ झाली.

नामानं तोंड पुसलं. म्हणाला, "बाय, तुमी चालवलीय काय होरी?"

म्हटलं, "बाप चालवायचा. बघितलंय."

नामानं मान डोलावली. हे बोटीत गुडघ्यावरच बसलेले, माझ्याकडं बघत होते. किती वेळ बघत होते. मी दोरी सोडून घरी आले.

१७ फेब्रुवारी
बीपी १७०/१००

सकाळी अकराला मी गॅलरीत मटार सोलत होते. हे येऊन समोर खाली बसले. कधी खाली बसत नाहीत, गुडघा दुखतो. दोन शेंगा सोलल्या आणि म्हणाले,

"त्या दिवशी होडी होती."

मी विचारलं, कुठल्या दिवशी. माहीत असून विचारलं.

म्हणाले, "जांभळीच्या मागं बांधलेली होती. वल्ही आत होती. मी बघितली. पाण्याला थोडा वारा होता. मला वल्हवता येत नव्हतं, आणि पाणी बघून मी मागं सरलो. वाटलं लाँच येतेच आहे. परत येऊन होडी नाही म्हणून सांगितलं. मग लाँच आलीच नाही. मग सांगायचं कसं? दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. मग दहाव्याला. मग राहिलंच."

मटार सगळे फरशीवर. ते हुंदके देत होते. पाठ हलत होती. शंभर किलोचं पोतं घेतलं तरी ती पाठ हलायची नाही.

म्हणाले, "म्हणून बोट घेतली. आता तुला काय म्हणायचं ते म्हण. मार पाहिजे तर."

मी म्हटलं, "भाजी करपतीय." आणि आत आले. गॅसवर भाजी नव्हती.

१८ फेब्रुवारी

काही लिहीत नाही.

२० फेब्रुवारी
बीपी १७८/१०६

प्रियदर्शिनी म्हणते दवाखान्यात चला. कुलदीप बापाला विचारतोय, आईला काय बोललात? ते उठून बाहेर जातात. त्यांना वाटतंय मी होडीचं ऐकून अशी झाले.

मला धक्का बसला तो त्यांनी सांगितल्याचा. होडीचा नाही.

लिहिते आता. ही वही मग डॉक्टरीणबाईंना दाखवता येणार नाही, नवी घेईन.

माझा बाप होडीवाला होता आणि दारू प्यायचा. आठवड्यातून तीन दिवस तो पडलेला असायचा, आणि होडी मी चालवायची. दहा वर्षांची होते तेव्हापासून. माणसं, बकऱ्या, एकदा तर अख्खं वऱ्हाड. वारा असला तरी. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं, वल्हं हातात धरायचीस हे सासरी कुणाला सांगू नको, पोरगी पुरुषाची कामं करायची म्हणतील, बाप कसला आहे ते कळंल. मी सांगितलं नाही.

त्या दिवशी रंजीच्या कपाळावर ठेवायचं फडकं ओलं करायला मी पाण्याशी गेले. जांभळीमागं होडी मला दिसली. वल्हीसुद्धा. मी फडकं पिळून वर आले तर हे सासऱ्यांना सांगत होते, होडी नाही. मला कळलं हे खोटं बोलतायत. आणि मला बरं वाटलं. देवा, मला बरं वाटलं! कारण होडी आहे म्हटलं असतं तर चालवणार कोण? मीच. तरण्या सुनेनं सासऱ्यांसमोर पदर खोचून वल्ही हाणायची, अख्ख्या घाटासमोर! मला लाज वाटली. लाँच येईलच म्हटलं. पलीकडं न्यायला मला पाऊण तास लागला असता.

पाऊण तास. आम्ही चार तास बसलो होतो.

त्यांचं खोटं मला एकोणचाळीस वर्षं ठाऊक आहे. ते उघडं केलं असतं तर माझंही केलं असतं. म्हणून लाँचवाल्याला शिव्या दिल्या, गावाला दिल्या, आणि पुन्हा त्या पाण्याकडं बघितलं नाही. त्या माणसाला एकट्याला त्याखाली दबू दिलं. वर त्यांना नळाच्या पाण्यावरून हसत राहिले.

ते पाण्याला भितात म्हणून मी हसले, आणि मी स्वतः लाजेला भ्याले.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज बोट खाडीत जायची होती. मी येणार नव्हते. शकुबाई सकाळी दाराशी आली, हातात नारळ. म्हणाली, "आमच्या घरची होरी दुसऱ्याकडं जाते तेव्हा पयल्या फेरीला त्या घरची बाय आत बसते. नायतर मी देत नाय. पैसे परत न्या." मी ह्यांच्याकडं बघितलं. ते खाली बघत होते. नारळ घेतला.

नामा काठावर थांबला. म्हणाला, जोतीरामभाऊ, आठ दिवस जेट्टीपाशी शिकवलंय, आज तुमी एकटे चालवा, बाय हाय बरोबर. इंजिन पहिल्या झटक्याला चालू. हे ताठ बसले होते, पाठ खांबासारखी, हात घट्ट. पण नीट चालवत होते. मी म्हटलं, चांगलं चालवता. सहा दिवसांनी तेवढंच बोलले. त्यांनी मान हलवली, तोंड फिरवलं नाही, समोरचं पाणी सुटू नये म्हणून.

खाडीच्या मध्यावर गेलो आणि इंजिन खोकलं. दोनदा खोकलं आणि बंद.

त्यांनी दोरी ओढली. पाच वेळा, दहा वेळा. ओहोटी लागली होती. बोट तिरकी झाली आणि खाडीच्या तोंडाकडं सरकायला लागली, जिथून मोठी जहाजं दिसतात. काठावर नामा हात हलवत होता, ऐकू काहीच येत नव्हतं. ह्यांनी दोरी ओढायची थांबवली. माझ्याकडं बघितलं. चेहरा तोच. घाटावर परत आले होते तेव्हाचा.

म्हणाले, "येईल कुणीतरी. नामा दुसरी बोट घेऊन येईल. थांबू."

मी पदर खोचला. फळीखालून दोन्ही वल्ही काढली, मधल्या फळीवर पाठ फिरवून बसले, आणि पाण्यात घातली. पहिले दोन हात चुकले. चाळीस-बेचाळीस वर्षं झाली होती. तिसरा बरोबर पडला. मग पाठीला आपोआप आठवत गेलं. ओहोटीला आडवं जायचं नसतं, थोडं वर धरून कापायचं, ते कुणी सांगावं लागलं नाही. बोट वळली. मध्येच मान वळवून बघितलं, नामाचं डोकं मोठं झालं होतं.

हे माझ्या समोर बसलेले. वल्हवताना तोंड मागं असतं, त्यामुळं आमची तोंडं एकमेकांकडं. दुसरीकडं बघायला जागाच नव्हती. ते माझे हात बघत होते. वल्हं वर, खाली, वर, खाली. मला दिसत होतं, त्यांच्या डोक्यात एकेक करून काय काय जुळतंय.

म्हणाले, "तुला येतं."

"येतं."

बोटीच्या बुडाला पाणी लागल्याचा आवाज. मग अगदी हळू,

"तेव्हाही?"

मी वल्ही थांबवली नाहीत. थांबवली असती तर मला बोलता आलं नसतं.

"तेव्हाही. होडी मलाही दिसली होती."

त्यांचं तोंड उघडं राहिलं. मला वाटलं ओरडतील. ओरडायला पाहिजे होतं, मी तयार होते. ते नुसते माझ्याकडं बघत राहिले, परक्या बाईकडं बघावं तसे. काठ आला. नामानं दोरी पकडली, काय काय बोलत होता. शकुबाई रडत होती. हे उतरले आणि माझी वाट न बघता घराकडं चालू लागले.

२४ फेब्रुवारी
बीपी १६०/९८

काल जेवले नाहीत. आज दिवसभर बाहेर. कुलदीपनं दोनदा फोन केला, उचलला नाही. मला वाटलं गेले, एकटेच गावाला गेले. मी त्यांचं कपाट उघडून बघितलं. कपडे होते.

पाच वाजता आले. पायाला चिखल. पुन्हा खाली बसले, गुडघा धरून. मी गव्हातले खडे काढत होते. ताट त्यांच्यापुढं अर्धं सरकवलं. तेही काढायला लागले. काढता काढता म्हणाले,

"तू का नाही सांगितलंस?"

म्हटलं, "तुम्ही का नाही सांगितलंत?"

खडे काढत राहिलो. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं, माझंही. गहू आता धुवावाच लागणार.

मग नाक पुसून म्हणाले, "नामानं बघितलं इंजिन. पेट्रोलचा पाईप जुना होता, बदलला. पण परत कधी बंद पडलं तर? तिथं तर कुणीच नसणार. वल्हवायला शिकव मला."

मी म्हटलं, "एका दिवसात येत नाही ते. महिना तरी लागंल. आणि मी शिकवताना ओरडते."

"ओरड," म्हणाले. "साताऱ्याच्या गाडीवाल्याला सांगून आलोय. पुढच्या महिन्यात, केबिनमध्ये दोन माणसांची जागा ठेव म्हणून."